घंटीनंतरचं वाक्य

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. सगळे म्हणजे दोनच माणसं, आई आणि दादा. वडील ती शाळेत असतानाच गेले आणि तेव्हापासून लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत चिकटलेला दादा घर ओढत होता. माणूस कामाचा, हाताला गुण असलेला, पण बोलायचं म्हटलं की जीभ दगा द्यायची. एखाद्या शब्दाशी आला की तोंड उघडं राहायचं, मानेची शीर फुगायची आणि शब्द काही बाहेर यायचा नाही. अशा वेळी तो धाकटीकडे बघायचा आणि धाकटी शब्द पुरवायची. दुकानात, डॉक्टरकडे, घरमालकाशी बोलताना, सगळीकडे हेच चालायचं. सुरुवात दादा करणार आणि शेवट धाकटी. पोरगी पहिल्यापासून तोंडाळ होती आणि दादाच्या मनातलं आपल्याला कळतं याचा तिला केवढा अभिमान होता. आईलाही कौतुक होतं. दादाच्या मनातलं खरंच तेच होतं का, हे विचारायचं मात्र कधी कुणाला सुचलं नाही.

अशी मुलगी कॉलेजात गेल्यावर सार्वजनिक धोरण हा विषय घेणार यात नवल ते काय. लोकांच्या वतीने बोलायची सवय तिला घरातच लागली होती. शेवटच्या वर्षात एक सत्र असं होतं की आठवड्यातले दोन दिवस वर्ग आणि उरलेले दिवस एखाद्या सरकारी कचेरीत काम शिकायचं. तिला मिळाला शहराच्या कारभाराचा जनसुनावणी विभाग. शहराला काही बंद करायचं असलं, हलवायचं असलं, पाडायचं असलं की आधी लोकांना बोलावून त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायचं, हे त्या विभागाचं काम. ऐकून घेतल्यावर पुढे काय होतं ते वेगळं.

कचेरी पाहून धाकटीचा थोडा विरसच झाला. तिसऱ्या मजल्यावर लांबट हॉल, भिंतीला लावलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पाय आखूड असल्याने खाली पुठ्ठ्याची घडी सारलेलं लांब टेबल आणि एकाच बाजूला वारा फेकणारा पंखा. धोरण म्हणतात ते असल्या ठिकाणी जन्माला येतं, हे पुस्तकात कुणी लिहिलं नव्हतं. विभागाच्या प्रमुख सचिवबाई. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, चष्मा कपाळावर चढवून तो सगळीकडे शोधणाऱ्या. त्यांनी धाकटीला पहिल्याच दिवशी तीन कामं दिली. सुनावणी घेणाऱ्या समितीपुढे पाण्याचे पेले ठेवायचे, कोण काय बोललं त्याचा गोषवारा लिहायचा आणि बोलणाऱ्याची वेळ संपली की टेबलावरची घंटी वाजवायची.

घंटी छोटीशीच होती, वरून बोट मारलं की वाजणारी. पण पहिल्या दोन सुनावण्यांतच धाकटीच्या लक्षात आलं की ती सगळ्यांना सारखी ऐकू येत नाही. झाडूकाम करणारी बाई घंटी वाजताच शब्द अर्धा सोडून खाली बसायची, वर माफीही मागायची. तेच एखाद्या बिल्डरचे वकील आले की घंटीला हसून हात दाखवायचे आणि हवं तितकं बोलायचे. धाकटीचं डोकं फिरलं. कॉलेजातल्या सरांनी सत्राचा निबंध मागितला होता, तिने याच विषयावर लिहिला. वेळ सर्वांना सारखा, घंटी वाजली की माईक बंद, कुणालाही सवलत नाही. सरांनी तो वर्गात वाचून दाखवला. सचिवबाईंनी तर चष्मा डोळ्यांवर आणून वाचला आणि पुढच्या सुनावणीपासून तसा नियमच करून टाकला. वकीलसाहेबांचा माईक पहिल्यांदा बंद झाला तेव्हा हॉलमध्ये मागच्या रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. धाकटीला आभाळ ठेंगणं झालं. ती घरी येऊन दादाला सगळं सांगत होती, तोही हसून मान हलवत होता. आणि खरं सांगायचं तर नियम वाईट नव्हताच.

त्याच सत्रात त्यांच्या वस्तीतलं डायलिसिस केंद्र हलवायची गोष्ट निघाली. आईची मूत्रपिंडं निकामी होऊन बराच काळ झाला होता. आठवड्यातून तीनदा तिला मशीनला बसावं लागे. केंद्र घरापासून हाकेच्या अंतरावर होतं, दादा कामावर जाताना तिला सोडायचा आणि जेवणाच्या सुट्टीत घ्यायला यायचा. आता म्हणे ते बंद करून सगळे रुग्ण शहराच्या पलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचे. तिथे मशीन नवी, डॉक्टर जास्त. धाकटीने सचिवबाईंना सांगून टाकलं की माझी आई तिथे असते. बाई म्हणाल्या, तू निर्णय घेणार नाहीस, घंटी वाजवणार आहेस. ती सारखी वाजव म्हणजे झालं.

त्या केंद्रात आईच्या बॅचला चौघी होत्या. आई, पोस्टातून निवृत्त झालेल्या बाई, ब्लाउज शिवणाऱ्या शिंपीणबाई आणि एक शाळेतल्या बाई. चार मशीन ओळीने, त्यामुळे चौघींची गट्टी जमली. मशीनला त्या सासूबाई म्हणायच्या. रक्त पिते आणि वर म्हणते तुझ्याच भल्यासाठी, असं पोस्टातल्या बाईंचं म्हणणं. या बाईंना मागेपुढे कुणी नव्हतं. घरी तोंड मिटून असणारी आई तिथे इतकी हसायची की एकदा नर्सने येऊन सुई हलेल म्हणून दटावलं. धाकटीला हे सगळं ऐकून माहीत होतं. ती स्वतः तिकडे क्वचितच जायची, तिला अभ्यास असायचा. रोजचं नेणंआणणं दादाचं.

सुनावणीच्या दिवशी हॉल भरला. धाकटी बोलणाऱ्यांना क्रमाने पुकारत होती आणि पुढचं नाव पाहिलं तर दादाचं. तो तिच्याजवळ अवाक्षर बोलला नव्हता. नंतर आईकडून कळलं की तो आठ दिवस लिफ्टच्या वरच्या मोटरखोलीत, कुणी नसताना, एकटाच बोलायचा सराव करत होता. मागच्या रांगेतून तो उठून आला. इस्त्री केलेला शर्ट, नखांत मात्र काळं ग्रीस तसंच. त्याने माईक धरला.

“माझी आई तिथे येते,” तो म्हणाला. एवढं छान आलं. मग पुढचा शब्द अडला.

हॉलमधली माणसं चांगली होती. कुणी हसलं नाही. बहुतेकांनी माना खाली घातल्या, एकदोघे खोकले, समितीतल्या एका गृहस्थांनी पाणी पुढे सरकवलं. दादाच्या मानेवरची शीर फुगली. त्याने डोळे मिटले, उघडले, पुन्हा पहिल्यापासून आला आणि त्याच जागी अडकला. मग त्याने धाकटीकडे पाहिलं. लहानपणापासून बघायचा तसंच. तिच्या ओठांवर शब्द आले होते, बंद करू नका, एवढेच. पण टेबलामागे बसलेलं माणूस बोलणाऱ्याच्या तोंडात शब्द घालू शकत नव्हतं. तिने घड्याळाकडे पाहिलं. काटा फिरून आला होता. सगळा हॉल तिच्या बोटाकडे बघतोय असं तिला वाटलं आणि तिने घंटी वाजवली. माईक बंद झाला. दादाने समितीला हात जोडले आणि जागेवर जाऊन बसला. धाकटीने पुढचं नाव पुकारलं.

संध्याकाळी गोषवारा लिहिताना दादाच्या नावापुढे ती बराच वेळ थांबली. काही न लिहावं तर त्याचं येणंच फुकट. शेवटी तिने लिहिलं, रुग्णाचा मुलगा, केंद्र बंद करण्यास विरोध. लिहून झाल्यावर तिला जरा बरं वाटलं. निदान त्याचं म्हणणं कागदावर आलं.

घरी दादा आईला औषध देत होता. धाकटी रडायलाच लागली. तो म्हणाला, घंटी बरोबर वाजवलीस, नियम म्हणजे नियम. मग विचारू लागला, “तू तिथं काय लि...” आणि अडला.

“विरोध लिहिलाय रे तुझा,” ती म्हणाली. “काळजी करू नकोस.”

दादाचं तोंड थोडा वेळ उघडंच होतं. मग त्याने ते मिटलं आणि औषधाच्या बाटलीचं झाकण लावलं.

केंद्र हललं. हलणारच होतं, विरोध ढीगभर नोंदला गेला तरी. न्यायला बस ठेवली, ती वेळेवर यायची, खोटं का बोला. बॅच मात्र मोठ्या हॉस्पिटलात जिथे मशीन रिकामं तिथे, अशा पाडल्या. आईला सकाळची आली, शिंपीणबाईंना दुपारची, शाळेतल्या बाईंना दुसरेच दिवस आले आणि पोस्टातल्या बाईंना संध्याकाळची. आई जाऊन यायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. कशी आहे जागा म्हटलं की म्हणायची, स्वच्छ आहे. शेजारी कोण असतं म्हटलं की म्हणायची, असतं कोणीतरी.

पोस्टातल्या बाई आधी एक खेप चुकल्या, मग दोन. शिंपीणबाई त्यांना बोलवायला घरी गेल्या तर म्हणाल्या, तिथं माझं कोण आहे, भिंतीशी बोलू का. डायलिसिस चुकवणं म्हणजे काय हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पावसाळा सरायच्या आत त्या गेल्या. बातमी शिंपीणबाईंनीच आणली. आई रडली नाही, नुसती म्हणाली की आता सासूबाईंना नावं कोण ठेवणार.

शिंपीणबाई घरी परतल्यावर धाकटी स्वयंपाकघरात आली. दादा ओट्याला टेकून उभा होता, भांडं हातात तसंच. तिला एकदम जाणवलं की त्या दिवशी त्याचं वाक्य पुरं झालंच नव्हतं. तिने विचारलं, त्या दिवशी तुला काय बोलायचं होतं? आयुष्यात पहिल्यांदा विचारलं.

दादा सांगू लागला. अडला. धाकटीच्या जिभेवर शब्द आला आणि तिने ओठ मिटले. तो पुन्हा आला, पुन्हा अडला. भांड्यातून पाणी ठिबकत होतं. ती थांबून राहिली. इतका वेळ ती त्याच्यासमोर गप्प कधी राहिली नव्हती. केंद्र हलवणार हे त्याला ठाऊकच होतं, विरोध करायला तो गेलाच नव्हता. त्याला एवढंच मागायचं होतं की हलवा, पण या बायकांना एकाच बॅचला ठेवा. नंतर हॉस्पिटलात एकदा जाऊन आला होता. खिडकीवरच्या माणसाने अर्ध्यातच पुढच्याला बोलावलं. आणि ते वाक्य संपवायला धाकटीला सोबत घेऊन जावं, असं त्याला वाटलं नाही. का वाटलं नाही ते त्याने सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने सचिवबाईंना सगळं सांगितलं. गोषवाऱ्यात मी माझ्या मनचं लिहिलं, हेही सांगितलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. झालेली नोंद आता बदलता येणार नव्हती. नियमाखाली त्यांनी एक ओळ घातली, ज्यांना बोलायला वेळ लागतो त्यांना वेळ द्यावा. धाकटीला त्या म्हणाल्या की हॉस्पिटलच्या प्रशासकांना मी फोन करते, तुम्ही जाऊन भेटा. सत्र संपतच आलं होतं. निबंधाला वर्गात सर्वांत जास्त गुण पडले, ते तिने घरी सांगितले नाहीत.

प्रशासक तरुण होते, घाईत होते, पण माणूस भला. दोघांना बसवलं, काय काम म्हणून विचारलं. दादाने सुरुवात केली आणि पहिल्याच शब्दाला थांबला. प्रशासकांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग चुळबुळ केली, मग सगळे करतात तसंच केलं. धाकटीकडे वळून म्हणाले, “तुम्हीच सांगा ना.”

“तो सांगतोय,” धाकटी म्हणाली.

बाहेर कुणाची तरी चाकाची खुर्ची गेली. धाकटीने हात मांडीखाली दाबून धरले होते आणि दादाकडे न पाहता ती समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती. त्याने तिच्याकडे वळून पाहावं असं तिला नको होतं. त्याने पाहिलंही नाही. अडखळत, मागे येत, पुन्हा पुढे जात त्याने वाक्य पुरं केलं. माझ्या आईला आणि तिच्या दोन मैत्रिणींना, तिघींना, एका बॅचला ठेवा. शेजारी शेजारी.

प्रशासकांनी कॉम्प्युटरवर काहीतरी पाहिलं, दोन ठिकाणी बटणं दाबली. “होईल की,” ते म्हणाले. “सोमवारपासून करतो. एवढंच होतं? मग हे आधीच सांगायचं ना.”

या वेळी दादाची जीभ अडली नाही.

“आधी चौघी होत्या,” तो म्हणाला.