फ्रिज गेला त्या वाटेनं

नांदेडात आमच्या गल्लीत दोघं समोरासमोर आले की एकाला पालीसारखं भिंतीला चिकटावं लागतं. आनंदराजकाका एसटीचे रिटायर कंडक्टर. हदगावच्या गाडीत तीस वर्षं लोकांवर "आत सरका" म्हणून ओरडले, अन् म्हातारपणी राहायला आले ते इथं! त्यांचा नवा फ्रिज वळणावरच अडकला, तेव्हा शेजारच्या गोदावरीकाकूंच्या स्वयंपाकघरातून न्यावा लागला.

मागल्या महिन्यात काकांच्या छातीत कळ आली. दवाखान्यातून परतल्यावर ते काकूंना म्हणाले, "वैनी, मी गेलो तर तिरडी बी तुमच्याच घरातून काढावी लागंल."

काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या, "काढू की, भाऊजी. पण फ्रिजनं फोडलेली ओट्याची फरशी आधी बसवून द्या, मग मरा."