विलासरावांना न दिसलेला बिबट्या

मला आफ्रिकेला जायची काडीचीही इच्छा नव्हती. मला फक्त विलासरावांच्या पुढे जायचं होतं.

विलासराव म्हणजे माझे साडू, बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. पिंपळगाव बसवंतला त्यांचं द्राक्षांचं पॅकहाऊस आहे, आणि माझं नाशिकला सिडकोत टाइल्सचं दुकान. त्यांची द्राक्षं परदेशात जातात, माझ्या टाइल्स फार तर सातपूरपर्यंत. हेही मी सहन केलं असतं. पण गेल्या वर्षी द्राक्षांच्या मागोमाग ते स्वतःही निघाले आणि केनियात सफारी करून आले! फॅमिली ग्रुपवर नुसता फोटोंचा पाऊस. विलासराव आणि सिंह. विलासराव आणि हत्ती. विलासराव आणि जिराफ (यात विलासरावांची हॅट आणि जिराफाचे पाय एवढंच मावलं होतं, तरी सासूबाईंनी बदाम पाठवले!). मी सासूबाईंना चारधाम घडवून आणलं, तेव्हा साधा अंगठा आला होता.

माझा नुसता जळफळाट झाला. डोळे मिटले की सिंह दिसायचा, आणि सिंहाशेजारी हॅट घातलेले विलासराव.

मग एका लग्नाच्या पंगतीत त्यांच्या तोंडून निघून गेलं, "सगळं पाह्यलं सुधीरराव, पन बिबट्या काय दिसला नाय. लय लाजाळू जनावर हाय. त्याला नशीब लागतं."

मी हातातली जिलेबी ताटात ठेवली. घरी येताच जाहीर केलं, "सुनंदा, आपण केनियाला जातोय."

"बिबट्या बघायला?"

"बिबट्याबरोबर फोटो काढायला."

"आणि तो दाजींना पाठवायला," सुनंदा म्हणाली. बायकोपासून काही लपत नाही.

विलासरावांनी हॅट घातली होती, म्हणजे मला तिच्या वरचढ काहीतरी हवं होतं. मी भगवा फेटा घेतला. सुनंदा म्हणाली, "अहो, तयार मिळतो तो घ्या, टोपीसारखा घालता येतो." पण तयार फेटा घालायला मी काय भाड्याचा वऱ्हाडी होतो? मोबाइलवर बघून बघून मी स्वतः बांधायला शिकलो. चांगला बसायचा. फक्त मान हलवायची नाही.

आमचा तिथला गाइड जोसेफ, भला माणूस. जीपमध्ये बसण्याआधीच त्याने समजावून सांगितलं: भडक रंग नको, मोठ्याने बोलायचं नाही, जनावराजवळ उभं राहायचं नाही, जीपमध्ये खायचं नाही. मी प्रत्येक वाक्याला "येस, येस" म्हणत होतो. डोक्यावर भगवा फेटा होता, मांडीवर तिखट चिवड्याची पिशवी. जोसेफ फेट्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"धिस इज अवर कल्चर," मी म्हणालो. त्याने जीपचं दार उघडलं. कल्चर म्हटलं की परदेशात कुणी पुढे बोलत नाही!

सफारी सुरू झाली. पहिल्याच वळणावर सिंहांचं अख्खं कुटुंब गवतात पसरलेलं.

"अहो, सिंह!" सुनंदा कुजबुजली.

"तो विलासरावांचा झालाय. पुढे घ्या."

"अहो, हत्तीचं पिल्लू! किती गोड!"

"तोही झालाय."

जिराफ, झेब्रे, पाणघोडे, सगळे विलासरावांनी आधीच बघून टाकलेले. मला सेकंडहँड जनावरांत रस नव्हता. जोसेफला बहुधा वाटलं, या माणसाचं भारतात स्वतःचं प्राणिसंग्रहालय असावं.

बिबट्या मात्र येईना. सुनंदा रोज नवीन पक्षी बघून खूश व्हायची आणि मी रोज नव्याने विलासरावांवर चिडायचो. अखेर शेवटच्या दिवशी सकाळी जोसेफच्या वायरलेसवर काहीतरी खरखरलं आणि त्याने जीप अशी पळवली की मी दोन्ही हातांनी फेटा धरून बसलो.

नदीकाठी एक मोठं झाड होतं. भोवती चार-पाच जीपा, आणि त्यांत खाकी कपडे घातलेले गोरे आजी-आजोबा श्वास रोखून बसलेले. जोसेफने हळूच फांदीकडे बोट दाखवलं.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? वर बघितलं असतं. मी फांदीकडे पाठ केली! (बघायला काय, नंतर बघता येतं. आधी फोटो!) सीटवर उभा राहिलो, उघड्या टपातून अर्धा बाहेर आलो आणि छाती काढली.

"सुनंदा, बिबट्या आणि फेटा, दोन्ही यायला पाहिजेत!"

"अहो, हळू बोला. तो बघतोय आपल्याकडे."

"बघू दे! तुरा येतोय का?"

"सर, सिट डाऊन, प्लीज," जोसेफ कळवळून म्हणाला.

"वन मिनिट!"

तेवढ्यात वारा सुटला. फेट्याचं पाठीवर सोडलेलं टोक जीपच्या मागे लांबवर फडफडायला लागलं. चिवड्याच्या वासाने केव्हाचं टपून बसलेलं एक माकड आलं, त्याने ते टोक पकडलं आणि ओढलं. मी गर्रकन फिरलो, फेटा घसरून थेट डोळ्यांवर आला. मला काही दिसेना, पण आवाज शाबूत होता.

"ए, सोड! सोड म्हणतो ना! सुनंदा, चिवडा सांभाळ!"

सिडकोतून सातपूरला ऐकू जाईल असा माझा आवाज. चिवडा सीटवर सांडला, दुसरं माकड आत शिरलं, सुनंदाने पर्स फिरवली ती जोसेफच्या कानाला लागली. मी डोळ्यांवरचे वेढे सोडवून वर पाहिलं, तर फांदी रिकामी! शेजारच्या जीपमधल्या आजींनी माझ्याकडे असं पाहिलं की भाषेची गरज उरली नाही.

"काय देखणा होता हो!" सुनंदा भारावून म्हणाली. "उतरताना तर शेपटी अशी..."

"फोटो?"

तिने मोबाइल दाखवला. सगळ्या फोटोंत भगवं कापड. एकात माकड, अगदी स्पष्ट.

दुपारी कॅम्पवर मी न जेवता बसलो होतो. आता घरी काय तोंड दाखवणार! तेवढ्यात विलासरावांचा व्हिडिओ कॉल आला. मी मुकाट उचलला. ते बनियनवर, घामाघूम, पॅकहाऊसच्या खिडकीशी उभे.

"सुधीरराव, आयला, इकडं बघा! बिबट्या शिरलाय पॅकहाऊसमधी! मानसं बाहेर काढली, दार लावून घेतलं. फॉरेष्टवाले आलेत. हे बघा, क्रेटांवर बसलाय! तुम्हाला दिसला का तिकडं?"

दिसला. अगदी स्वच्छ दिसला. द्राक्षांच्या क्रेटवर ऐसपैस बसलेला, पिवळाधमक, खिडकीतून हात लावावा इतका जवळ. केनियात बसून मी अखेर बिबट्या पाहिला, पिंपळगावचा!

मला रडू येईल असं वाटलं. सुनंदाला माझी दया आली असावी.

"थांबा," ती म्हणाली, "तो मोबाइल तोंडाजवळ धरा. तुम्ही आणि बिबट्या, दोघांचा फोटो काढते. मागे आफ्रिका दिसतेच आहे."

मी निमूट धरला. तो फोटो आज आमच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय. मी आहे, आफ्रिका आहे, बिबट्या आहे. फक्त मोबाइलच्या पडद्यावर, बिबट्याच्या अगदी शेजारी, तिथेही ते बनियनवाले विलासराव घुसलेत, आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा आधी त्यांच्याबद्दलच विचारतो: "अरे वा, हेही होते का तुमच्याबरोबर आफ्रिकेला?"