वहिनीच्या गोळ्या

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सांगणार तरी कोणाला? ज्यांना सांगायला हवं होतं ती माणसं राहिली नाहीत, आणि मीही आता थकले.

साठ सालानंतरची गोष्ट. आमच्या या बेटावरच्या मोंतान्य ब्लांश गावी, आमच्या घरी वहिनी एरवी गरीब गाय. पाळी जवळ आली की मात्र तिचं ताळतंत्र सुटायचं. भांडी आपटायची, पोरावर हात उचलायची, मग न्हाणीत बसून रडायची. आई म्हणायची, स्वभावच खोटा. शेवटी दादाने मला सांगितलं, हिला रोझ हिलच्या होमिओपॅथीवाल्याकडे ने. गुण आला नाही तर माहेरी पाठवीन — हेही बजावलं.

स्वतःचं असलं काही बाईने परपुरुषाशी बोलायचं नाही, तिच्या वतीने नणंदेने बोलायचं, ही आमची रीत. बसमध्ये वहिनीने मला सगळं सांगितलं. त्या दिवसांत पोराचा आवाजसुद्धा सोसत नाही, विहिरीत उडी घ्यावीशी वाटते. सांग हं, म्हणाली.

डॉक्टर भारी चौकस. रडू कधी येतं, काय खावंसं वाटतं — माणसागणिक औषध वेगळं, म्हणाला. आणि मी... मी माझंच सांगत गेले. छाती जड होते, गोड खावंसं वाटतं, कोणी जवळ घ्यावं असं वाटून रडू येतं. मलाही दर महिन्याला त्रास व्हायचा हो! पण लग्नाच्या मुलीला असल्या डॉक्टरकडे कोण नेणार? वहिनी शेजारीच पदर ओढून बसली होती. विहिरीचं मी बोललेच नाही.

गोळ्या दोघींनी खाल्ल्या — तिने सगळ्यांदेखत, मी चोरून. परत गेलो तेव्हा डॉक्टरने विचारलं, फरक आहे? मी हो म्हटलं. मला होता. त्याने तेच औषध पुन्हा दिलं.

चार महिन्यांनी दादाने तिला कांप दे मास्कला माहेरी पोचवली. पोरगा ठेवून घेतला. मी एक वाक्य बोलले असते तर? नाही बोलले. घाबरले, आणि लाजलेही.

निघताना तिने उरलेली बाटली माझ्या हातात ठेवली.

‘घे गो, तुझंच मेदसिन हाय.’

त्या दिवशी डॉक्टर क्रेओलमध्येच, आम्हा सगळ्यांच्या रोजच्या बोलीतच, बोलत होता. तिने सगळं ऐकलं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं. मी बाटली घेतली. पुढच्या महिन्यात त्यातल्या गोळ्या खाल्ल्यासुद्धा.