उसन्या टायरांशिवाय चढण

तलासरीत हायवेच्या कडेला एका गॅरेजात मी कामाला होतो. शाळा आठवीत सुटलेली, गाव पार परभणीकडं, आणि स्वभाव भित्रा. नट आवळला तरी पुन्हा हात लावून बघायचो. गॅरेजचे शेठ म्हणायचे, "अरे, तुझी काळजी बघून चाकच घाबरेल!" पण त्याच शेठनी मला राहायला खोली दिली, घरचा डबा दिला, हातात पाना दिला. त्यांच्यासमोर नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

उधव्याच्या पुढं डोंगरातल्या एका पाड्यावरचे काका भाड्याची जीप चालवायचे. पाड्याची शेवटची चढण म्हणजे नुसते दगड. जीपच्या मागच्या चाकांमधला आसाचा लोखंडी गोळा त्यांवर आपटायचा, म्हणून सगळ्यांना खालीच उतरावं लागे. बाया बाजाराचं ओझं डोक्यावर घेऊन वर चढत. काकांना ते बघवेना. त्यांनी सीमेपलीकडच्या एका दुकानातून जीप उंच करून आणली. चाकांवरच्या कमानपाट्यांना, म्हणजे स्प्रिंगांना, लोखंडी ठोकळे लावले आणि टायर भलत्याच मोठ्या गाडीचे चढवले. जीप माणसांसकट वर जायला लागली. पोरं तिला हत्ती म्हणायची.

मग आरटीओच्या पासिंगची तारीख जवळ आली.

आमच्याकडं याचा तोडगा ठरलेला होता. गॅरेजात पासिंगपुरता मूळ मापाच्या टायरांचा एक सेट असायचा. डहाणूला आरटीओचा कॅम्प लागला की तो चढवायचा, गाडी साहेबांना दाखवायची आणि संध्याकाळी सेट उतरवून दुसऱ्याला द्यायचा. लग्नाला शेजारचा हंडा आणावा, तसं. कुणाला त्यात वावगं वाटत नसे. काकाही तेवढ्यासाठीच आले.

"ठोकळे काढा, तुमचे टायर लावा. पास झाली की माझं सामान परत चढवा."

"चालशे," शेठ मान डोलावत म्हणाले.

मी जीप जॅकवर घेतली. चाकं खाली लोंबली आणि मला घाम फुटला. जीप उंच केल्यानं ब्रेकचा रबरी पाइप तंबूच्या दोरीसारखा ताणला होता.

"काका, वाकून बघा. एखाद्या खड्ड्यात हा तुटला, तर ब्रेक लागणार नाही. मी सामान काढतो. परत लावणार नाही."

शेवटचं वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं, कोण जाणे.

"घ्या! साहेब गॅरेजातच आलेत," शेठ म्हणाले.

काका मात्र खरंच चिडले. "मिस्त्री, तुझ्या परभणीत डोंगर तरी बघितलास काय? आमच्या बायांनी पुन्हा चालतच जायचं?"

मला वाटलं, आता आपलं गाठोडं बांधायची वेळ आली. शेठनी वाकून त्या पाइपला बोट लावून बघितलं. मग म्हणाले, "नाही म्हणालास ना? मग आता जीप कायद्यात बसवून ती चढण चढवून दाखव. जा, साहेबांनाच विचार."

डहाणूच्या कॅम्पला एक टेम्पो घेऊन जायचाच होता. साहेबांचं पाणी पिऊन होईपर्यंत थांबलो आणि चाचरत विचारलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आरसी बुकात आहे तशीच गाडी मला दिसली पाहिजे. ठोकळे लावून उंची वाढवायची नाही. त्याच मॉडेलला कंपनीनं मोठा टायर मान्य केला असेल तर तो चालेल, दुसऱ्या गाडीचा नाही. आणि आधी पाटे बघ. ओझ्यानं बसलेले पाटे मूळ बाकावर, म्हणजे कमानीवर, आणणं ही दुरुस्ती आहे. ती कर की, कोण अडवतंय?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काकांची जीप मुळात ठेंगणी नव्हतीच! वर्षानुवर्षं टपापर्यंत माणसं भरून भरून तिचे पाटेच दबले होते.

काकांना हे पटवलं, ठोकळे काढले आणि पाटे सोडवून डहाणूच्या कमानवाल्याकडं नेले. त्यानं ते तापवून, ठोकून बाकावर आणले, तुटके बदलले. शेठनी शोरूमला फोन करून मान्य असलेला मोठा साइज विचारून घेतला आणि तसे टायर शोधून आणले. मी ब्रेकचा पाइप नवा टाकला. जीप हत्तीएवढी उंच झाली नाही. काका कमरेवर हात ठेवून म्हणाले, "एवढ्यानं चढेल?"

"पासिंगला लिहिलीत तेवढीच माणसं बसवा, चढेल," मी म्हणालो.

कॅम्पात साहेबांनी स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण फिरवून चाक कुठं घासतंय का बघितलं, टायरवरचा साइज वाचला, खाली वाकले, गाडी पळवून कचकन ब्रेक मारला. "पास." मी हात जोडले.

पण माझी परीक्षा पुढं होती. बाजाराच्या दिवशी काकांनी मला शेजारी बसवलं. मागं मोजकी माणसं आणि त्यांच्या टोपल्या. चढणीच्या पायथ्याशी सवयीनं एक मावशी उतरायला लागल्या.

"बस गं, उतरू नको," काका ओरडले आणि पहिला गिअर टाकला.

मी डोळे मिटून आवाज ऐकत होतो. दगड टायरखाली करकरले, जीप डावीकडं कलली, सावरली. लोखंडावर दगड आपटल्याचा तो आवाज काही आला नाही. डोळे उघडले तर समोर पाड्यावरचं पहिलं घर! मागं बाया टाळ्या पिटत होत्या. काकांनी हॉर्नवर हात ठेवला तो उचलेचनात, आणि मावशी टोपली मांडीवरच घेऊन बसलेल्या. "आता घरापर्यंत सोड," म्हणाल्या, "दारातच उतरीन."