अठ्ठावन्न किलो आणि घरचं डुक्कर

माझ्या नवऱ्याचं कुणी कौतुक केलं की माझं डोकंच उठतं. "फूशान म्हणजे काय, सोन्यासारखा माणूस!" म्हणे. सोन्यासारखा! तुम्ही पंचवीस वर्षं त्याच्यासाठी चूल फुंका आणि मग बोला. लुआन फूशानच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर काढणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. गेल्या वर्षी त्याच्या डोक्यात डुक्कर शिरलं.

डुक्कर तसं आम्ही दर वर्षीच पाळतो. नव्या वर्षाच्या सणाआधी कापायचं, गावाला जेवायला बोलवायचं, उरलेलं मांस अंगणातल्या रांजणात टाकायचं. बाहेरच्या थंडीत ते आपोआप दगडासारखं गोठतं आणि बर्फ वितळेपर्यंत पुरतं. सगळं गाव हेच करतं. पण हे डुक्कर आमच्या चिउयानसाठी होतं, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

चिउयान आमची एकुलती एक लेक. वय सतरा. प्रांताच्या क्रीडाशाळेत राहते आणि वजनं उचलते. लोकांच्या पोरी बारीक व्हायला म्हणून ताटावरून उठतात, आणि माझी पोरगी फुगायला म्हणून ताटासमोर बसून रडते. तिच्या पंचावन्न किलोच्या गटात शाळेत दुसरी एक मुलगी आहे, ती आमच्या पोरीपेक्षा बारा किलो जास्त उचलते. तेव्हा तिला शिकवणाऱ्या तोंग मॅडमनी स्पष्टच सांगितलं, "वरच्या गटात जागा आहे. पण तिथे तुझ्यासारखी काडी उभी करून मी काय करू? पुढच्या सणाची सुट्टी संपवून येशील तेव्हा अठ्ठावन्न भरली पाहिजेस. नाही भरलीस तर यादीतून नाव कापणार, मग घरी जाऊन मका सोल."

हे फोनवर ऐकलं तेव्हा वसंत नुकताच लागला होता. फूशानने दुसऱ्याच दिवशी बाजारातून पिल्लू आणलं. "पोरीला मांस धरायचंय ना? मग ते डबाबंद पावडरींनी होणारे का? घरचं डुक्कर खाऊ दे आठ दिवस, बघ कशी भरते!"

बोलला तो, आणि राबले मी. दहा महिने मक्याचा भरडा, कोंडा, भोपळे, कोबीची पानं एकत्र शिजवून दिवसातून दोनदा आंबोण कुणी वाहिलं? मी. आणि हा कुंपणाला टेकून डुकराशी गप्पा मारणार. "खा, खा. आमची चिउयान येणार आहे." एवढ्या गोड आवाजात तो माझ्याशी लग्नाच्या वर्षीसुद्धा बोलला नव्हता.

पोरगी आली. आल्या आल्या बापाने तिला अंगणातल्या डुकरं तोलायच्या काट्यावर उभी केली. छप्पन किलो दोनशे ग्रॅम. "काही हरकत नाही," फूशान हात चोळत म्हणाला, "उद्या डुक्कर कापतोय. आठ दिवस आहेत."

चिउयानने बॅग उघडली. आत कपडे थोडे आणि हवाबंद पिशव्याच जास्त. उकडलेल्या कोंबडीच्या, शाळेतून आणलेल्या. दिवसाला दोन, मोजून.

"हे काय?" बापाने विचारलं.

"बाबा, मला बाहेरचं मांस चालत नाही. डुकराचं तर अजिबातच नाही."

"बाहेरचं कुठाय? घरचं आहे!"

"शाळेच्या खानावळीबाहेर जे काही आहे ते सगळं बाहेरचं. कसली कसली पावडर घालतात खाद्यात, डुकराला चरबी कमी आणि मांस जास्त धरावं म्हणून. तेच मांस आपण खाल्लं तर आपल्या लघवीत उतरतं. सुट्टीहून गेल्या गेल्या आमची तपासणी असते. सापडलं की चार वर्षं बंदी. तोंग मॅडमचीही नोकरी जाईल. अंडी चालतात, मासे चालतात, टोफू चालतो."

फूशानचा चेहरा असा झाला की मला त्याही रागात कीव आली. मग तो भडकला. "माझ्या डुकराने औषध खाल्लं म्हणतेस? माझ्या? लाव तुझ्या मॅडमला फोन!"

लावला. तोंग मॅडम शांतपणे म्हणाल्या, "लुआन काका, प्रत्येक बाप हेच सांगतो." आणि ठेवून दिला. फूशान बंद झालेल्या फोनलाच आणखी पाच मिनिटं समजावत राहिला.

तरी डुक्कर कापलंच. दीडशे किलोच्या वर भरलं. सगळं गाव जेवायला. मोठ्या कढईत आंबवलेल्या कोबीबरोबर पांढरं चरबीदार मांस रटरटतंय, रक्त भरलेली आतडी उकडतायत, वाफेने घरात माणूस दिसेना. आणि ज्या पोरीसाठी हा सगळा खटाटोप, ती खालून तापवलेल्या ओट्याच्या कोपऱ्यात बसून रबरासारखी कोंबडी चावतेय.

शेजारचे सुई काका गप्प बसतील तर शपथ. "काय गं चिउयान, शहराचं पाणी लागलं वाटतं! आमचं डुक्कर घशाखाली उतरेना?"

"तसं नाही काका, नियम आहे."

"नियम! तुझ्या आजोबांनी याच मांसावर लाकडाचे ओंडके उचलले. त्यांची लघवी कुणी तपासली होती?"

सगळे खो खो हसले. फूशान उठला, पेला हातात घेतला आणि भरल्या घरात म्हणाला, "या डुकराने माझ्या हातचंच खाल्लंय. ते शुद्ध नसेल तर मीही शुद्ध नाही!" लोकांनी वा वा केली. मी मात्र कपाळावर हात मारला. माणसाने इतकं बोलूच नये.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. पोरीच्या फोनवर दिवसातून सहा वेळा घंटी वाजायची. घंटी वाजली की खायचं. सकाळी आठ अंडी, मग भाताचे दोन वाडगे, मग बटाटे, मग पुन्हा अंडी, मग शाळेने दिलेली पावडर दुधात कालवून. भूक आहे का हे विचारायचंच नाही. सातव्या अंड्याला तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. आठवं ती नाक दाबून गिळायची. मध्ये अंगणात जाऊन खांद्यावर मक्याचं पोतं घेऊन शंभर बैठका काढायची, म्हणजे खाल्लेलं अर्धं तिथेच जिरलं! "अगं कार्टे, बस ना जरा," मी ओरडायचे. "बसून चरबी वाढते आई, मला मांस वाढवायचंय." घ्या! मी अंडी उकडून उकडून थकले. कोंबड्यांनी घालणं बंद केलं तेव्हा शेजारपाजारी मागत हिंडले.

आणि फूशान? तो तिच्यासमोर बसून चरबीचे तुकडे लसणीच्या चटणीत बुडवून चवीने खायचा. उसासे टाकत. "मऊ लोण्यासारखं झालंय. पण काहींच्या नशिबात कोंबडीच."

"म्हाताऱ्या, पोरीला छळू नकोस!" मी डाफरायचे.

"मी कुठे काय म्हणतोय? मी जेवतोय."

पाचव्या दिवशी काट्यावर छप्पन आठशे. सहाव्या दिवशीही छप्पन आठशे. तिने खाली उतरून काट्यावरचा बर्फ झटकला, पुन्हा चढली, मग काटा सरकवून पुन्हा चढली. काट्याला काय, तो ढिम्म. ती तिथेच बर्फात उकिडवी बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. "नाही होणार, आई. पोटात जागाच नाही. दहा वर्षांची होते तेव्हापासून हेच करतेय मी. हे सुटलं तर मी करू काय?"

 पोरगी त्या शाळेत गेली तेव्हा तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते खुर्चीवरून.

दुपारी जेवायला बसलो. नेहमीप्रमाणे बापाच्या पुढ्यात मांसाचा वाडगा, लेकीच्या पुढ्यात अंडी. फूशान आज उसासे टाकत नव्हता. नुसता हळू आवाजात म्हणाला, "दोन वाडगे खाल्ले असतेस तर आज ही वेळ आली नसती. दहा महिने मी रोज त्याला सांगायचो, तू येणार म्हणून."

चिउयानने त्याच्याकडे बघितलं. मग तिने अंडं खाली ठेवलं, जेवणाच्या काड्या पुढे केल्या आणि बापाच्या वाडग्यातला चांगला जाड तुकडा उचलला. "आणा बाबा," ती म्हणाली. "तुमच्या हातचं आहे ना. मग काय होणार?"

मी ओरडणार होते. खरंच ओरडणार होते. पण तिचा चेहरा बघितला आणि कळलं. ती मांसासाठी खात नव्हती, वजनासाठीही नाही. बापाचं तोंड पडलेलं तिला बघवत नव्हतं, बस.

तुकडा ओठांना लागला आणि फूशानने हात मारला. असा मारला की काड्या उडून खिडकीला लागल्या आणि वाडगा लवंडला.

"थुंक! थुंक आधी! तोंड धू!"

"बाबा, मी खाल्लंच नाही अजून..."

"शरदात आजारी पडलं होतं ते." फूशान कुणाकडेच बघत नव्हता. "खाईना. हाडं दिसायला लागली. मला वाटलं, तू येशील आणि हे असं मरतुकडं डुक्कर... तालुक्याच्या रस्त्यावर एक जण गाडीतून पोती विकत होता. म्हणाला, पंधरा दिवसांत भरतं. तुझी आई उठायच्या आत घालायचो. पोत्यावर नाव नव्हतं, काही नव्हतं. काय होतं त्यात देव जाणे."

मी ताडकन उठले. "म्हणजे? भरल्या घरात पेला उंचावून काय बोलत होतास तू? सहा दिवस पोरीच्या नाकासमोर..."

"माझ्या हातचंच खाल्लं म्हणालो. ते खोटं नव्हतं." मग त्याने लवंडलेला वाडगा सरळ केला. "मीच स्वतःला सांगत होतो की काही नसेल त्यात. इतकं बोललो की मलाच खरं वाटायला लागलं."

मी जे जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. माझं लग्न जुळवणाऱ्यापासून त्याच्या पणजोबापर्यंत कुणाला सोडलं नाही.  चिउयान मात्र उठली, तोंड धुतलं, परत येऊन बसली आणि आठवं अंडं नाक दाबून गिळलं.

फूशान बाहेर गेला. मला वाटलं गेला सुई काकांकडे प्यायला. थोड्या वेळाने गोठ्यातून घरघर ऐकू आली. हा बाबा सासूबाईंच्या वेळचं दगडी जातं पुसून आमच्याच शेतातलं सोयाबीन दळत बसला होता! ज्याने जन्मात कधी भाताचं भांडं चुलीवर ठेवलं नाही, तो टोफू करणार. पहिला टोफू कढईला लागला. दुसरा फुटला. तिसरा मी शिव्या देत देत शिकवला. मग दोन दिवस तो दळत होता, ती खात होती. टोफू भाजून, टोफू भातात, टोफू अंड्यात. त्याच्या तळहातांना फोड आले, पण मी मुद्दाम विचारलं नाही.

निघायच्या दिवशी काट्याने सत्तावन्न सातशे दाखवले. तीनशे ग्रॅम कमी. फूशानने गरम सोयादुधाचा मोठा थर्मास तिच्या हातात दिला. "गाडीत पी. सगळं संपव. आणि शौचाला जाऊ नकोस."

"बाबा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. अठ्ठावन्न किलो पन्नास ग्रॅम. नाव राहिलं. आठवड्याने तपासणीचाही निकाल आला, स्वच्छ. तोंग मॅडम स्वतः बोलल्या, "लुआन काका, काय खायला घातलंत?" हा सोन्यासारखा माणूस नुसता "टोफू" म्हणाला आणि फोन माझ्या हातात देऊन बाहेर गेला.

रांजणातलं मांस त्याने नंतर तोंडाला लावलं नाही. मी एकटी किती खाणार? गावात वाटून टाकलं. सुई काकांनी सगळ्यात जास्त नेलं आणि वर विचारलं, "यंदा चव काही वेगळी आहे का हो?"

बर्फ वितळला, बाजार भरला आणि फूशान काखेत पिल्लू घेऊन दारात उभा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पुन्हा? अरे पोरगी खाणारे का ते? तिला चालत नाही, कळतं का तुला?"

"या वर्षी नाही चालत."

"पुढच्या वर्षीही नाही चालणार! ती उचलतेय तोवर नाही चालणार!"

"माहीत आहे." त्याने पिल्लू कुंपणात सोडलं. "पण कधीतरी ती सोडेलच ना ते लोखंड. जिंकून सोडेल, नाहीतर गुडघे जाऊन सोडेल. त्या वर्षी घरी भुकेली येईल. तेव्हा आपल्याकडे असं डुक्कर पाहिजे की त्याला काय काय घातलं ते मला आधी आठवून बघावं लागणार नाही."

मी त्याला बजावलं की यंदा आंबोण त्याचं त्यानेच शिजवायचं, मी हातसुद्धा लावणार नाही. तो हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीप्रमाणे मीच शिजवलं.