डावीकडे सरकलेलं वजन

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. आजोबांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात अंगारे-धुपारे, नजर उतरवणं, सगळं बंद. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी करमणूक म्हणून वाचते आणि लिहिणाऱ्यांना मनातल्या मनात हसते. तेव्हा तुम्हीही हसा, माझी तक्रार नाही. फक्त 'सेलचा फॉरमॅट टेक्स्ट असेल ताई' ही कमेंट करू नका. हात जोडते. ती ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

राजापेठेत (अमरावती) एका संस्थेचं ऑफिस आहे. खाली झेरॉक्स, वर ट्यूशन क्लास, मध्ये आम्ही. नांदगाव खंडेश्वरकडच्या काही गावांत लहान पोरांची दर महिन्याला वजनं घ्यायची, आणि ज्याचं वजन घसरलं त्याला दवाखान्यात पोचवायचं, हे आमचं काम. गावोगावच्या आमच्या कार्यकर्त्या, म्हणजे ताया, वजनं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, मी ती एक्सेलमध्ये भरते. कुणी '8.1 किलो' लिहितं, कुणी '8.1kg.', कुणी शेवटी नमस्काराचे दोन हात टाकतं. ते तसंच पेस्ट केलं की एक्सेल त्याला आकडा मानत नाही, अक्षर मानतं. खूण सोपी आहे... आकडा सेलमध्ये उजवीकडे चिकटतो, अक्षरं डावीकडे. आणि डावीकडे गेलेलं वजन ना मोजणीत येतं, ना कमी वजनाच्या लाल यादीत. म्हणजे पोर वाळून गेलं तरी कागदावर कुणाला दिसणार नाही. म्हणून मी दर महिन्याला बसून सगळी वजनं साफ करते. हात बसलाय माझा त्यात.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारचे साडेबारा. पाचला रिपोर्ट जायचा होता. नावं दोनशे बारा, एक्सेल मोजतंय दोनशे अकरा. शोधलं तर एक वजन डावीकडे. आरोही, वय चौदा महिने, ८.१.

बरं, म्हटलं, एक तर आहे. अक्षराचा आकडा व्हावा म्हणून फॉरमॅट बदलला. नाही. एकने गुणून पाहिलं, VALUE लावलं, TRIM लावलं, टेक्स्ट टू कॉलम्स केलं. नाही! LEN ने अक्षरं मोजली, बरोबर तीन. म्हणजे लपलेली स्पेसही नाही. खोडून हाताने टाइप केलं... डावीकडे. नवीन फाइल उघडून एकच ओळ लिहिली, आरोही, ८.१... डावीकडे! नाव बदलून शेजारच्या पोराचं टाकलं, तर तेच ८.१ गुपचूप उजवीकडे गेलं. परत आरोही लिहिलं, परत डावीकडे. सांगा आता. कुठला फॉरमॅट नाव वाचतो?

माझं डोकं सणकलं. अकोल्याला मामाकडे असताना मी ज्यांच्याकडे कॉम्प्युटर शिकले त्या रफिक सरांना फाइल पाठवली. मूळचे बाळापूरचे, आयुष्य गेलं त्यांचं एक्सेल शिकवण्यात. पंधरा मिनिटांनी फोन आला.

"बेटा, माह्या मशीनवर बी तेच होऊन राहिलं. दोन मशीनवर पाह्यलं. काय आहे हे?"

"सर, तुम्हीच मले विचारून राहिले?"

"मंग कोनाले विचारू? मी तं पह्यल्यांदा पाहून राहिलो असं."

आमच्या साहेबांकडे गेले, तर ते स्क्रीनकडे न बघताच म्हणाले, "उडवून टाका तो आकडा. दोनशे अकरा लिहा. एका पोरानं काय फरक पडते?" मला एवढा राग आला की सांगता येत नाही. अहो, त्या एकेका पोरासाठीच तर आपण दुकान मांडून बसलोय ना? पण खरं सांगते, तेव्हा तो राग आरोहीसाठी नव्हता. माझी शीट मला जुमानत नव्हती, त्याचा होता.

तो सगळा राग मी त्या गावच्या वंदनाताईंवर काढला. वजन त्यांनीच पाठवलेलं. फोन लावला आणि ओरडलेच, "आरोहीचं काय पाठवलं तुमी? जेवायचं सोडून दोन तासांपासून मी त्या एका आकड्यापाशी बसून आहो!"

त्या म्हणाल्या, "मॅडम... तिचं वजन नाही घेतलं मी."

"म्हणजे?"

"घराले कुलूप होतं. कापूस येचाले गेले ते लोकं, तिकडं वावरातच राह्यतात. मांगच्या महिन्यात आठ होतं, त्याच्यात शंभर ग्राम टाकले." आणि मग हळूच, "तुमीच तं म्हणल्या होत्या ना, रकाना खाली ठेवू नका म्हणून."

म्हटलं होतं. मीच म्हटलं होतं. रिकाम्या रकान्यांमुळे शीट लाल होते म्हणून मीटिंगमध्ये सगळ्या तायांवर आवाज चढवला होता मी. त्यांनी तोड काढली, कुलूप असलं की शंभर ग्रॅम वाढवायचे. पोरं वाढतातच ना.

स्कूटी काढली. वंदनाताईंना गावातून मागे घेतलं, मांडीवर काटा. वावरात कोपऱ्याला एक खोपडी, म्हणजे पऱ्हाट्यांची झोपडी, आई कापूस वेचत होती, आरोही बाजेवर. मी काटा झाडाला टांगला, पोरीला झोळीत घातलं. पोरं झोळीत घातली की आकांत करतात. ही नुसती बघत होती.

सहा किलो चारशे.

"जुलाब होऊन राह्यले होते," आई म्हणाली. "मले वाटलं दात येऊन राह्यले. दोन दिवसांपासून रडत बी नाही."

संस्थेची जीप बोलावली आणि अमरावतीला दवाखान्यात आणलं. डॉक्टर आईवर चिडले, इतके दिवस काय करत होता म्हणून. ती माउली खाली मान घालून ऐकत राहिली. तिचं काही चुकलं नव्हतं. मी बाजूलाच उभी होते आणि एक शब्द बोलले नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

रात्री आठला ऑफिसात आले. रिपोर्ट राहिला तो राहिला. आरोहीपुढे ६.४ टाइप केलं आणि एंटर मारलं.

उजवीकडे. लाल. मोजणी दोनशे बारा.

आरोही आता बरी आहे, घरभर पळते. झोळी दिसली की गाव डोक्यावर घेते. वंदनाताईंवर कारवाई करा म्हणून साहेब मागे लागले होते. मी म्हटलं, आधी माझ्यावर करा. मग त्यांनी तो विषय सोडून दिला.

ती जुनी फाइल मी जपून ठेवलीय. त्यात आजही आरोहीपुढे ८.१ टाइप केलं की डावीकडे, ६.४ केलं की उजवीकडे. सरांकडे अकोल्याला तेच. त्यांनी शोधणं सोडलं नाही, मी सोडलं. आणि मला राग कशाचा येतो सांगू? त्या महिन्यात वाढवून लिहिलेली वजनं आणखी नऊ होती, तायांनी नंतर स्वतः कबूल केलं. ती नऊच्या नऊ मुकाट उजवीकडे बसली होती. ती पोरं धडधाकट होती हे नशीब. पण मग त्यांना का सोडलं? आणि कोणी सोडलं? आजोबा असते तर मला उभं करून कारण विचारलं असतं, आणि माझ्याकडे ते नाही.

आता आमच्याकडे कुलूप असलं की ताया 'कुलूप' असंच लिहितात. शीट लाल होते, होऊ दे.

मात्र काल दुपारी सगळं साफ करून झाल्यावर एक वजन डावीकडेच राहिलं. दुसरं गाव, दुसरं पोर. मी फॉरमॅट पाहिला नाही, सरांना फोन केला नाही. स्कूटीची चावी घेतली.