मालक बुडाला, पाणी कोण बघणार?

ज्या ऑफिसात दिवसभर वाईटात वाईट काय होईल याचाच विचार करायचा असतो, तिथे किस्से साठतातच. आमची अबू धाबीतली छोटी कन्सल्टन्सी. वेगवेगळ्या देशांची सरकारं त्यांच्या अणुवीज प्रकल्पांचे आराखडे आम्हाला पाठवतात आणि आम्ही त्यातली भोकं दाखवतो. आम्ही तिघे मराठी: मी, फायनान्सचा खरे आणि मंजिरीताई. ताई पूर्वी भारतात अणुभट्टीच्या कंट्रोल रूममध्ये होत्या. आमचा लेबनीज बॉस नबीलही त्यांच्याशी जपून बोलतो.

मध्यंतरी एका परदेशी सरकारचं काम आलं. प्रश्न साधा: खासगी मालकाचं दिवाळं वाजलं, तर प्रकल्प कोणी सांभाळायचा?

*

पहिल्याच मीटिंगमध्ये खरे म्हणाला, "कुलूप लावायचं, किल्ली बँकेला द्यायची. खलास."

ताई म्हणाल्या, "द्या की. फक्त आत गॅसवर दूध आहे, तेवढं बँकेला सांगा."

मग त्यांनी त्याला समजावलं. भट्टी बंद केली तरी वापरलेलं इंधन वर्षानुवर्षं गरम राहतं. त्यावर पाणी लागतं, पाण्याला पंप, पंपाला वीज आणि या सगळ्यावर लक्ष ठेवायला माणूस. मालक कंगाल झालाय हे त्या इंधनाला कळत नाही.

*

ऑगस्टमध्ये खरेवरच वेळ आली. अल रीम आयलंडवरच्या त्याच्या टॉवरचा मालक डबघाईला आला आणि अख्ख्या टॉवरचं कूलिंग बंद पडलं. खरे बायको-मुलीला घेऊन ऑफिसच्या एसीत येऊन बसला. वॉचमन म्हणतो मॅनेजरला विचारा, मॅनेजर म्हणतो मालकाला विचारा आणि मालकाचा फोन बंद.

मुलगी म्हणाली, "बट बाबा, हू इज इन चार्ज?"

खरेने ताईंकडे पाहिलं. त्यानंतर त्याने किल्लीचं नाव काढलेलं नाही.

*

त्या देशाचे अधिकारी आले. खजूर झाले, गहवा म्हणजे अरबी कॉफी झाली. ताईंनी विचारलं, "कंपनी बुडाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळची शिफ्ट कोणाची?"

अर्थखात्याने ऊर्जाखात्याकडे बोट दाखवलं. ऊर्जाखातं म्हणालं, "ते कोर्ट ठरवेल."

"कोर्ट कधी उघडतं?"

"सोमवारी."

"मग मालकाला सांगून ठेवा, शुक्रवारी बुडू नकोस."

*

ताईंनी रिपोर्टात स्पष्ट लिहिलं: मालक हात वर करेल त्याच क्षणी सरकारने प्रकल्प ताब्यात घ्यावा, माणसं कामावर ठेवावीत, भरपाईचं भांडण नंतर करावं. क्लायंटला हा परिच्छेदच नको होता. नबीलने ताईंना केबिनमध्ये बोलावलं.

"मंजिरी, एक परिच्छेद काढ. यल्ला, चटकन. नाहीतर उद्याच्या सादरीकरणानंतर तुला ठेवणं मला जमणार नाही."

गंमत नव्हती. ताईंचा व्हिसा याच नोकरीवर आणि घरच्या सगळ्यांचे व्हिसा ताईंवर. मला त्यांच्या जागी घाम फुटला असता. ताई म्हणाल्या, "नबील, मला ठेवायचं की नाही ते तू ठरव. परिच्छेद राहणार."

मला तेव्हा त्यांचा भयंकर अभिमान वाटला. भीतीही वाटली.

*

आणि मग ते सादरीकरण. समोर त्या देशाचे मुख्य सचिव. ताईंनी स्लाइड लावलीच नाही. एक खुर्ची मध्ये ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "मी कंट्रोल रूममधली ऑपरेटर. कंपनी आत्ताच बुडाली. माझी शिफ्ट संपली. माझ्याकडून कोण घेतंय?"

कोणीतरी घसा खाकरला. नबील जेवणाचं काय झालं ते बघायला उठला.

सचिव म्हणाले, "मॅडम, मुद्दा पोचला. आता पुढे जाऊ या."

"सर, मला उठता येत नाही. पुढचा माणूस येऊन 'मी घेतलं' म्हणेपर्यंत ऑपरेटर खुर्ची सोडत नाही. जगात कुठेही."

बाहेर बिर्याणी निवत होती. पाहुण्यांच्या फ्लाइटची वेळ झाली, ड्रायव्हर दोनदा डोकावून गेला. एकेक अधिकारी उठला. शेवटी सचिवही कोट घालून दारापर्यंत गेले. ताई हलल्या नाहीत. खरे माझ्या कानाशी पुटपुटला, "गेली नोकरी."

सचिव दारात थांबले. वळून त्यांनी त्या खुर्चीकडे पाहिलं. मग परत आले, कोट काढून टेबलावर टाकला आणि ताईंच्या समोर उभे राहिले.

"उठा. मी घेतलं," ते म्हणाले. "पाणी कुठवर आहे?"